तेलाच्या बाटलीला कुलूप

चोरीला जाईल म्हणून दुकानदार सोने कुलपात ठेवतो, हे आपण समजू शकतो. पण कंगवा?

कॅलिफोर्नियातल्या एका काळ्या भगिनीने २०१८ साली वॉलमार्ट या बलाढ्य कंपनीवर दावा लावला. तिची तक्रार अशी की, काळ्या लोकांच्या केसांच्या वस्तू काचेच्या कपाटात कुलूपबंद, आणि इतरांच्या तशाच वस्तू उघड्या फळीवर. तिला हवा होता ४८ सेंटांचा कंगवा. त्यासाठी नोकराला बोलवायचे, त्याने किल्ली आणायची आणि वस्तू गल्ल्यापर्यंत स्वतः न्यायची. कंगव्यापेक्षा कुलूप महाग, हे कळायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देश पेटलेला असताना, कंपनीने ही पद्धत बंद करत असल्याचे जाहीर केले. ४,७०० पैकी डझनभर दुकानांतच ती होती, असे तिचे म्हणणे. असेल. अपमान दुकाने मोजून होत नसतो.

हे झाले कुलपाचे. काही गैरसमजांना कुलूप दिसत नाही. 'हे लोक रोज केस धूत नाहीत, म्हणजे अस्वच्छ,' हा त्यातलाच एक. वास्तविक डोक्याच्या कातडीतून निघणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. स्प्रिंगसारख्या वळलेल्या केसावरून ते नीट उतरत नाही. केस कोरडे राहतात, रोज शाम्पू लावला तर तुटतात. म्हणून धुणे बेताने, तेल-मलम जास्त, आणि केस ओले करून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर हळूहळू गुंता सोडवायचा. आमच्या आयाबहिणींना हे सांगायला नको. पण बाटलीवर 'नॉर्मल केसांसाठी' असे छापले, की बाकीचे केस आपोआप बिघडलेले ठरतात! युनिलिव्हरने हा 'नॉर्मल' शब्द आपल्या वेष्टनांवरून काढण्याचे जाहीर केले ते मार्च २०२१ मध्ये.

या केसांची माहिती जगात कोणाला नव्हती असे नाही. मॅडम सी. जे. वॉकर ही १८६७ साली लुइझियानात जन्मलेली बाई. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले, स्वतः लोकांचे कपडे धुऊन पोट भरलेले. स्वतःचेच केस गळू लागले तेव्हा तिने त्यावर औषध शोधले, धंदा उभारला आणि हजारो काळ्या बायकांना शिकवून दारोदार विक्रीला पाठवले. जमावाकडून होणाऱ्या काळ्यांच्या हत्यांविरुद्धच्या चळवळीलाही तिने पैसा दिला. १९१९ साली ती वारली. तिच्यानंतर शंभर वर्षांनी कंगवा कुलपात.

हे वाचताना आम्हांला बाबासाहेबांच्या लहानपणीचे सातारा आठवले. तेथे न्हावी होते, सुभेदार रामजींच्या घरी त्याला द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. तेव्हा घरातल्यांचे केस थोरली बहीण कापी. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, करून करून ती त्या कामात अगदी तरबेज झाली होती.