‘शहाणी’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

उत्तर नागपुरातल्या आमच्या किशोरी गटात तेरा वर्षांची एक मुलगी येत असे. खो-खोत तिला बाद करणे कठीण. आठवडाभर दिसली नाही म्हणून मी घरी गेले. आई म्हणाली, “ताई, ती शहाणी झाली आता. मैदानावर नका नेऊ.” वर्षाने मोठा असलेला तिचा भाऊ तेव्हाच सायकल काढून बाहेर पडत होता.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही एरिक एरिक्सन शिकलो. किशोरवय म्हणजे ‘मी कोण’ हे शोधण्याचा काळ. त्यासाठी समाज या वयाला थोडी सवड देतो, चुकून पाहू देतो, अशी त्यांची मांडणी. ही सवड भावाला मिळाली. बहिणीची मात्र पहिल्या पाळीबरोबर संपली. मानसशास्त्राने पुरुषाचे आयुष्य हेच माप धरले, अशी टीका कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये केली, ती इथे पटते. शरीर बदलायला काही वर्षे लागतात. आपली संस्कृती एका दिवसात मुलीची बाई करते.

मुलींना अशी सवड हवी म्हटले की ‘हे पाश्चात्त्य खूळ’ असे ऐकावे लागते. पण जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायकांसमोर बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. परिषदेने मुलींसाठी वसतिगृहांची मागणी केली. सवड मागणे ही आपलीच परंपरा आहे.

त्या आईला दोष देणे सोपे आहे. पण संध्याकाळी रस्त्यावर दिवे नसतात आणि काही घडले तर बोट आईकडेच दाखवले जाते. तिची भीती खोटी नाही. म्हणून पाळीची माहिती आणि पॅड वाटून आपले काम संपत नाही. मैदान, उजेड आणि भावाशी, बापाशी बोलणे, हेही किशोरींचेच काम आहे.

आता तीन आया आळीपाळीने मैदानाच्या कडेला बसतात. ती मुलगी फक्त रविवारी येते. एवढेच जमले आहे.

‘शहाणी’ झाली म्हणता ना? मग तिला काय वाटते, हे एकदा तिलाच विचारू या.