पोर आपलं, पैसा आपला, हायस्कूल कुणाचं?



मृगाचा पाऊस पडला की मंगरूळपीर तालुक्यात दोन कामं सोबतच निघतात: सरकीची टोबणी आणि पोरांची शाळा. बियाण्याच्या पिशवीची आपण पावती मागतो. पोराला हायस्कुलात घालताना मात्र काहीच विचारत नाही.

गावची शाळा बहुधा सातवी-आठवीला संपते. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही आठवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावी. पोरीला एसटीचा पास फुकट, पण गाडी शाळेच्या वेळेला हवी ना! त्यात दिवाळीपासून वेचणी. मजूर लावावा तर कापसाच्या भावात मजुरी निघत नाही, म्हणून पोरगी ओळीला लागते. भाव पाडण्याचं पाप सरकारचं. पण पोरीचं दप्तर खुंटीला टांगणारे हात आपलेच आहेत, हेही कबूल केलं पाहिजे.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती कुणब्याचं पोर शिकावं म्हणून. पुढे कित्येकांनी संस्था काढल्या त्या पुढारपणाचा जोडधंदा म्हणून. अनुदानित शाळेत पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या खिशातून. कारभार मात्र संस्थाचालकाचा. २०१२ साली सरकारने खासगी अनुदानित शाळांतली शिक्षकभरती थांबवली. कितीतरी ठिकाणी निवृत्त झालेल्या मास्तरांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. गणित, इंग्रजी कोण शिकवतं, हे विचारायला पालकाला दारच नाही. कायद्याने शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया सांगितल्या. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळेत ही समिती नुसती सल्ला देणारी उरली. नववी-दहावी तर त्या कायद्याच्या बाहेरच.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचं म्हणणं असं: अनुदान घेणाऱ्या प्रत्येक हायस्कुलात पालकांची समिती हवी आणि तिला हिशेब पाहण्याचा अधिकार हवा. एसटीची वेळ शाळेच्या घंटेशी जुळवावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. २००५ चा माहितीचा अधिकार अनुदानित शाळेलाही लागू आहे. दहा रुपयांचा अर्ज करा: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणत्या विषयाच्या रिकाम्या? गावागावातून अर्ज गेले की उत्तर द्यावंच लागेल.

आणि शाळेच्या दिवशी पोरगी वेचणीला जाणार नाही, हा ठराव आधी आपल्या घरात करू. रास्त भावाची लढाई तर चालूच आहे. ती लढायला आणि हिशेब वाचायला उद्या शिकलेली पोरंपोरीच लागणार आहेत.