समुद्रापासून दूर बांधलेले जहाज

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या भागात ज्वारी आणि ऊस पिकतो, आणि पाऊस लांबला की सारा गाव आभाळाकडे डोळे लावून बसतो. जहाज येथील मुलांना भेटते ते बहुधा भूगोलाच्या पुस्तकातच. अशा गावातील एखाद्या मुलाने सुटीत बांबूच्या कामट्या तासून आणि दोरे ओवून जहाजाचा नमुना बांधावयास घेतला, तर घरातील वडील माणूस त्याला म्हणणारच, "अरे, इथे समुद्र कुठे आहे? त्यापेक्षा अभ्यासाला बस." हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याला नीट उत्तर देणे अवश्य आहे.

उत्तराचा पहिला भाग ढोकीच्या शेजारीच सापडतो. तेरणेच्या काठी वसलेले तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' नावाचे एक पुस्तक लिहिले गेले. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील पुष्कळसे कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे नेतात, असे त्यात सांगितले आहे. भडोचच्या धक्क्यावर परदेशांची जहाजे येत. तेरच्या संग्रहालयात रोमशी चाललेल्या त्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू आजही पाहावयास मिळतात. या मातीतील माणसांचे हात जहाजापर्यंत पोहोचले नसतील. त्यांचे कापड मात्र पोहोचले होते.

परंतु केवळ पूर्वजांचा अभिमान हे छंदाचे पुरेसे कारण होऊ शकत नाही. खरे कारण त्या कामातच आहे, आणि ते समजण्यासाठी खेळणे आणि नमुना यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. खेळण्यातले जहाज जहाजासारखे दिसले की पुरे. नमुना खऱ्या जहाजाशी प्रामाणिक असावा लागतो, आणि हा प्रामाणिकपणा प्रमाणापासून सुरू होतो. समजा, २० मीटर लांबीच्या जहाजाचा नमुना एकास पन्नास या प्रमाणात करावयाचा आहे. मग त्याची लांबी ४० सेंटिमीटर होईल. साडेसहा मीटरची रुंदी १३ सेंटिमीटरांवर येईल. त्यावरचा खलाशी सव्वातीन सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. येथवर सारे सोपे आहे. नवशिक्याची चूक होते ती दोरात. तो हाताशी असलेली दोन मिलिमीटर जाडीची सुतळी डोलकाठीला बांधतो. त्या सुतळीची जाडी पन्नासपट केली, तर खऱ्या जहाजावर ती दहा सेंटिमीटर जाडीचा दोर होईल. असा दोर कोणत्या खलाशाच्या मुठीत मावेल? हा प्रश्न मनात उभा राहिला की मुलगा सुतळी सोडून शिवणाचा दोरा घेतो. त्रैराशिक त्याला वहीत कळले होते. आता ते त्याच्या बोटांना कळलेले असते.

लाकडी जहाज बांधण्याचा एक क्रम असतो. प्रथम तळाची लांब तुळई, म्हणजे जहाजाचा कणा. त्यावर दोन्ही अंगांनी उभ्या राहणाऱ्या फासळ्या. आणि त्या फासळ्यांवर वाकवून बसवलेल्या फळ्या. कामटी कोरडी असताना वाकवली तर मोडते; गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवली तर वळण घेते आणि वाळल्यावर ते धरून ठेवते. घाई केली तर फळी फासळीवरून सुटते. मग पहिल्यापासून काम करावे लागते.

दोरांची बांधणी हा या कामाचा सर्वांत कठीण भाग होय. शिडाच्या जहाजावरील दोरांचे जाळे दुरून पाहणाऱ्यास गुंता वाटते. परंतु त्यातील एकही दोर विनाकारण नसतो. काही दोर डोलकाठीला पुढून, मागून आणि बाजूंनी ताणून धरतात. ते नसतील तर जोराच्या वाऱ्यात ती कोलमडेल. काही दोरांनी शीड वर चढवतात आणि खाली उतरवतात. काहींनी ते वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वळवतात. नमुना करणाऱ्याला प्रत्येक दोर कोठून निघतो, कोठे बांधला जातो आणि कोण तो ओढतो, हे ठाऊक असावे लागते. चित्रात ही गोष्ट झाकता येते, निबंधातही झाकता येते. नमुन्यात ती झाकता येत नाही.

या ज्ञानाची देशाला केवढी गरज पडते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या एका जहाजाचे चित्र आहे. मराठवाड्याच्या डोंगरात, समुद्रापासून दूर, पाचव्या शतकातील चित्रकाराने ते रंगवले. त्या चित्राच्या आधारे तसेच जहाज पुन्हा बांधावे, असे ठरले. परंतु त्या काळातील एकही जहाज उरले नव्हते, आणि आराखडाही उरला नव्हता. चित्रकाराने बाहेरचे रूप दाखवले होते. फळ्या आतून कशा बांधल्या आणि दोर कोठे ताणले, ते चित्रातून समजणे शक्य नव्हते. जुन्या पद्धतीने जहाजे शिवणाऱ्या केरळच्या कारागिरांचे हात अद्याप ते काम विसरले नव्हते, म्हणून मार्ग निघाला. आयआयटी मद्रासमध्ये जहाजाच्या लहान नमुन्यावर चाचण्या झाल्या. मग गोव्यात नारळाच्या काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून सुमारे २० मीटर लांबीचे जहाज सिद्ध झाले. मे २०२५ मध्ये ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला त्याने इंजिनावाचून, केवळ शिडांच्या बळावर पोरबंदर सोडले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानमधील मस्कत गाठले.

हे यश मोठेच आहे. परंतु त्यात एक बोचरी गोष्टही आहे. जे ज्ञान एके काळी या किनाऱ्यावरील कितीतरी कारागिरांच्या हाती होते, ते परत मिळवण्यासाठी एका भिंतीवरील चित्राला प्रश्न विचारावे लागले. कोकणातील सुतारांनी गुराबा, गलबते आणि मचवे बांधले ते बहुधा नजरेच्या अंदाजाने आणि बापाकडून शिकलेल्या मापाने. इंग्लंडच्या आरमाराने मात्र सतराव्या आणि अठराव्या शतकांत अनेक जहाजांचे नेमके लाकडी नमुने करवून घेतले. त्यांपैकी बरेच फुटाला पाव इंच या प्रमाणात असून, आतील फासळ्या दिसाव्यात म्हणून त्यांचा खालचा भाग उघडाच ठेवलेला असे. जहाजे बुडाली, कुजली, मोडीत निघाली; नमुने राहिले, आणि अभ्यासक आजही त्यांवरून शिकतात. आपल्या कारागिरांचे कसब त्यांच्यापेक्षा उणे नव्हते. उणीव होती ती ते जपून ठेवण्याच्या सवयीची.

या छंदामुळे अभ्यास मागे पडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. कोणताही छंद मर्यादेबाहेर गेला तर वेळ खातो. म्हणून त्याला सुटीचे दिवस द्यावेत, परीक्षेचे देऊ नयेत. पैसा लागतो, हा दुसरा आक्षेप. बाजारात महाग संच मिळतात, हे खरे. परंतु कामटी, सुताराच्या शेडमधील टाकाऊ ढलप्या, पॉलिशचा कागद, सरस आणि दोरा एवढ्यांवर आरंभ करता येतो. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी ज्यांनी केली आहे, त्या मुलांना हात कसे चालवावेत हे शिकवावे लागत नाही. त्यांना मापपट्टी तेवढी हाती घ्यावयाची आहे.

आणि मापपट्टी एकदा हाती आली, की ती जहाजापाशीच का थांबावी? विहिरीवरची मोट आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. लाकडी चाकांची गाडीही दुर्मीळ होत आहे. ती चालवलेली वृद्ध माणसे गावोगाव अजून आहेत. त्यांना विचारून, मापे घेऊन नमुना करणारा मुलगा गावाचे एक पान लिहून ठेवत असतो.

"इथे समुद्र कुठे आहे?" असे ढोकीच्या मुलाला कोणी पुन्हा विचारले, तर त्याने वाद घालू नये. नमुन्यावरील एका दोराकडे बोट दाखवावे आणि तो कोणते काम करतो, ते सांगावे. सांगता आले, तर त्याची सुटी सत्कारणी लागली. सांगता आले नाही, तर तो दोर सोडून, माहिती काढून, पुन्हा बांधावा.