पडद्यावरून पथ्य सांगावे, औषध नव्हे

औषध, आहार आणि विहार या तिहींच्या मेळातूनच चिकित्सा पूर्ण होते, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात काय घडते? बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटे येतात. त्यांतील बहुतेक वेळ परीक्षण आणि औषधयोजनेत जातो व ‘तेलकट, आंबट बंद करा’ एवढ्या वाक्यावर पथ्याची बोळवण होते. मधुमेह, आमवात, स्थौल्य यांसारख्या दीर्घकालीन व्याधींत चिकित्सा फसते ती पुष्कळदा येथेच. या उणिवेवर उपाय म्हणून रुग्णालयांतून व्हिडिओद्वारे घ्यावयाच्या सामूहिक आरोग्यसत्रांचा आपण गांभीर्याने विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

समव्याधी रुग्णांना एकत्र बसवून सल्ला देण्याची पद्धत आता प्रयोगाने पारखली गेली आहे. पुदुच्चेरी येथील अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १,००० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींना पाच-पाचच्या गटात, तर इतरांना नेहमीप्रमाणे एकेकटे तपासण्यात आले. गटातील रुग्ण अधिक प्रश्न विचारते झाले व त्यांचे समाधानही अधिक आढळले. एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्याही मनात असतो, हेच त्यामागील मर्म होय. २०२० च्या कोविड काळात इंग्लंडमध्ये अशा गटभेटी व्हिडिओवरून घेतल्या गेल्या. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेली ‘ई-संजीवनी’ मुख्यतः एका रुग्णाची एका चिकित्सकाशी गाठ घालून देते; गटाचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्यास याची गरज विशेष आहे. तेरा तालुक्यांचा हा विस्तार. सिंदखेडराजापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरपर्यंतचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडविकाराची चिंता घरोघरी आहे. तेथे पाणी, मीठ आणि वेदनाशामक गोळ्या यांविषयी जे सांगावयाचे, ते शंभर रुग्णांना शंभर वेळा सांगण्यापेक्षा पंधरा जणांच्या गटाला सावकाश सांगणे श्रेयस्कर. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अकस्मात केसगळती सुरू झाली, तेव्हाचा अनुभव ताजा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले, नमुने नेले गेले. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. परंतु मधल्या काळात ग्रामस्थांच्या प्रश्नांना एकत्रित, शांत उत्तर देणारे व्यासपीठ असते, तर अफवांना इतके रान मिळाले नसते.

येथवर अनुकूल बाजू झाली. आता मर्यादा. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शन पडद्यापलीकडे जात नाही. नाडी, उदर, शोथ, त्वचेचा रूक्ष-स्निग्ध स्पर्श यांवाचून केलेले निदान हे अनुमानच राहते. शिवाय गटातील प्रत्येकाची प्रकृती, अग्नी, वय व बल निराळे. दोन मधुमेही शेजारी बसले म्हणून त्यांचे औषध एक होत नाही. सत्रात एखाद्या कल्पाचे नाव उच्चारले गेले, तर सायंकाळपर्यंत पंधराही घरी तो येऊन पडेल, हे आपला समाज जाणणाऱ्यास सांगावयास नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांतही आरोग्यशिक्षण, समुपदेशन आणि औषधयोजना ही कार्ये वेगवेगळी मानली आहेत. पहिली दोन गटात व्हावीत. तिसरे रुग्णास एकट्यास तपासूनच व्हावे.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही येथे एक नम्र सूचना करावीशी वाटते. सत्राच्या दाराशी विक्रीचे टेबल मांडण्याचा मोह टाळावा. मधुमेह, रक्तदाब, स्थौल्य यांवरील औषधांची रोगनिवारणाचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, आणि आरोग्यसत्राच्या नावाखाली केलेली जाहिरातही जाहिरातच होय. उलट, रुग्णाने नेलेले औषध तो कशाबरोबर व केव्हा घेतो, याची विचारपूस दुकानात करून ती वैद्यास कळविली, तर सत्राचे फळ द्विगुणित होईल.

हे शक्य कसे व्हावे? ग्रामीण रुग्णालयात एक खोली, एक मोठा पडदा व चांगला ध्वनिवर्धक पुरेसा आहे. रुग्णांनी घरोघरी भ्रमणध्वनीवर नव्हे, तर त्या खोलीत एकत्र बसावे. तज्ज्ञ वैद्य पडद्यावर असावा आणि एक स्थानिक वैद्य खोलीत. वजन, रक्तदाब व नाडी त्याने पाहावी आणि सत्रानंतर गरजूंना स्वतंत्र तपासावे. आठवडी बाजाराचा दिवस निवडल्यास मजुरीचा वेगळा दिवस बुडणार नाही. पेरणी-सोंगणीच्या दिवसांत सत्रे ठेवू नयेत. बोली वऱ्हाडी असावी. गावात सारेच एकमेकांना ओळखतात. म्हणून स्त्रीरोग, गुह्यरोग व मानसव्याधी गटात आणू नयेत. संमतीवाचून चित्रमुद्रण तर कदापि करू नये.

‘अशाने आमचे रुग्ण शहरातील नामांकित वैद्यांकडे वळतील,’ अशी शंका काही सहव्यवसायी व्यक्त करतात. ती निराधार नाही. परंतु हात लावून तपासणारा आणि उद्याही भेटणारा वैद्य गावातच असतो. वर सांगितल्याप्रमाणे त्यास खोलीत मानाचे स्थान दिले, तर त्याचे महत्त्व वाढेल. ते स्थान न देता केवळ पडदा लावला गेला, तर मात्र शंका खरी ठरेल. म्हणूनच या सत्रांचे नियम इतर कोणी ठरविण्यापूर्वी आपल्या संघटनेने ते ठरवावेत. आरंभ एका तालुक्यापासून, एका व्याधीपासून व्हावा. किती रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या सत्रास परत आले, पथ्य किती जणांनी पाळले, वजन व रक्तशर्करा यांत काय फरक पडला, याची प्रामाणिक नोंदवही वर्षभर ठेवावी. तिच्यातून अनुकूल-प्रतिकूल जे निघेल, ते याच अंकांतून सर्वांपुढे यावे, ही अपेक्षा.