मांडव दोन कोटींचा, पगार दोन हजारांचा

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना तो लवकर येईल. मराठीच्या नावाने जी भाषणं होतात, मोर्चे निघतात, संमेलनं भरतात, त्या सगळ्यांपेक्षा जास्त काम एखाद्या गल्लीतला साधा ग्रंथपाल रोज संध्याकाळी करत असतो. आणि सरकार, साहित्यिक, पुढारी आणि आपण वाचक, असे सगळे मिळून त्यालाच सगळ्यांत कमी मोजतो.

"पुस्तकं द्यायची आणि परत घ्यायची, त्यात काम ते काय?" असं परवा आमच्याच घरातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाने विचारलं. नाव सांगत नाही, वाचेल तेव्हा कळेलच त्याला! पण त्याच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

साकीनाक्याला मी ज्या छोट्या वाचनालयात जाते, तिथल्या बाई साडेचारला शटर उघडतात. शिपाई नाही, तेव्हा केर त्याच काढतात. मग आलेल्या वर्तमानपत्रांची नोंद करून ती टेबलावर मांडायची. नवीन पुस्तकं आली असतील तर दाखल नोंदवहीत प्रत्येकाचा क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, बिलाचा नंबर चढवायचा. पहिल्या पानावर शिक्का, आणि आत एका ठरलेल्या पानावर आणखी एक शिक्का, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं. मग वर्गांक घालायचा. ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, हे त्यांनीच मला सांगितलं. मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण पुस्तकाच्या पाठीवरचा तो आकडा काय सांगतो हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात वाळवी, वर्षभर डांबरगोळ्या. वर्गणीच्या पावत्या, थकलेल्या वर्गणीचे फोन, बाद पुस्तकांची यादी, वार्षिक अहवाल, हिशेबतपासणी, आणि निरीक्षक यायचे असले की सगळी दप्तरं पुन्हा एकदा जुळवायची.

हे झालं दप्तराचं काम. खरं काम तर माणसांचं. खैरानी रोडच्या गाळ्यांतून सुटलेली मुलं उभ्याउभ्या पेपर चाळून जातात. स्पर्धा परीक्षेवाल्या मुलाला घरात बसायला जागा नाही, त्याला कोपऱ्यातली खुर्ची हवी असते. एका आजींना "ते मागच्या वेळचं, निळं, त्याच्यासारखंच दुसरं" हवं असतं, आणि बाईंना ते निळं कुठलं हे बरोबर आठवतं! मधेच एखादा उत्तर प्रदेशातल्या घरातला, इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा येतो. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, तेव्हापासून त्याच्या दप्तरात मराठीचं पुस्तक आलं, पण घरात ते वाचून दाखवणारं कोणी नाही. बाई त्याला मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक काढून देतात. वर "दोन पानं मला वाचून दाखव, मग घरी ने" असं बजावतात.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्यांचा गाभा. आमच्या बाईंनी ती परीक्षेसाठी पाठ केली असतील किंवा नसतील, रोज पाळतात मात्र नक्की.

आता पैशाचं बोलू. आपल्याकडे पैशाचं बोललं की भाषाप्रेम कमी झाल्यासारखं वाटतं लोकांना, पण मी बोलणार.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली गावोगावच्या संस्था वाचनालयं चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग देऊन वार्षिक अनुदान देतं. मद्रासने १९४८ साली, रंगनाथन यांच्याच प्रयत्नाने, कायदा केला तेव्हा त्यात ग्रंथालयासाठी उपकर ठेवला. कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यातही तो आहे. लोक घरपट्टीबरोबर थोडा पैसा ग्रंथालयासाठी भरतात, त्यामुळे ग्रंथालयाला हक्काचं उत्पन्न असतं. आपल्या कायद्यात उपकर नाही. म्हणजे आपली अकरा-बारा हजार वाचनालयं दरवर्षी सरकारच्या हाताकडे बघत बसणार. हप्ता कधी येईल, किती येईल, हे वरून ठरणार.

२०२२ साली सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. टक्केवारी ऐकून छान वाटतं. पण सगळ्यांत खालच्या ड वर्गाच्या वाचनालयाचं काय झालं? वर्षाला ३० हजार होते, ते ४८ हजार झाले. महिन्याला ४ हजार. त्यातली साधारण निम्मी रक्कम पगारासाठी. महिना २ हजार रुपये! दिवसाचे सत्तरसुद्धा होत नाहीत. या शहरात तेवढ्यात दोन वेळचा चहा आणि वडापाव होईल. पगारश्रेणी द्या म्हणून या कर्मचाऱ्यांची निवेदनं किती वर्षं चालली आहेत. पत्की समितीच्या शिफारशींचं नाव घेत घेत कित्येकजण निवृत्त झाले, आणि निवृत्त होताना हातात काही नाही.

आता दुसरीकडे बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन, पुण्याहून साहित्यरसिकांसाठी खास रेल्वेगाडी, आणि राज्य सरकारचे २ कोटी रुपये. आमच्या पुतण्याचा फोन आला होता, "काकू, तुम्ही पण चला ना, दिल्ली पण बघून होईल." त्याच्या वाक्यातलं ते "दिल्ली पण बघून होईल" मला फार खरं वाटलं. निदान तो प्रामाणिक तरी आहे! मी गेले नाही. २ कोटींना ४८ हजारांनी भागलं, चारशे सोळा आलं. एका संमेलनाच्या अनुदानात चारशे सोळा ड वर्ग वाचनालयं वर्षभर चालली असती. त्याआधी, २०२४ साली वाशीला विश्व मराठी संमेलन झालं, तेव्हा परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना प्रवासासाठी प्रत्येकी ७५ हजार मिळणार अशी बातमी होती. मराठी ऐकायला एक माणूस विमानाने येणार त्याचे ७५ हजार, आणि मराठी वाचायला शेकडो माणसं पायी येतात त्या जागेचे ४८ हजार. परदेशातल्या माझ्या भाचरांनो, तुमच्यावर राग नाही हो. तुम्ही मागितले नव्हते, ठाऊक आहे मला.

ग्रंथालयवाल्यांचंही अधिवेशन असतं बरं का. आमच्या बाईंना एकदा जायचं होतं. तिकीट स्वतःच्या खर्चाने, मुक्काम मावसबहिणीकडे, आणि दोन दिवस टेबलावर कोणाला बसवायचं हा प्रश्न वेगळाच. शेवटी गेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी कुठली गाडी सुटत नाही.

यावर लोक म्हणतात, संमेलनं बंद करायची का मग? अजिबात नाही. ताराबाई भवाळकरांसारख्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक बाईंना अध्यक्षपदाचा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. संमेलनात पुस्तकं विकली जातात, लांबलांबची माणसं भेटतात, हेही खरं. माझा राग उत्सवावर नाही, उत्सव करून काम झालं असं समजण्यावर आहे. आणि हा राग नवा नाही. पहिली ग्रंथकार सभा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ साली भरली. १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्यांच्या लिखाणात शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत बसून आमच्या माणसांचं काय भलं होणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांचा मुद्दा कितीतरी मोठा होता, माझ्या तक्रारीशी त्याची बरोबरी नाही. पण मांडवात कोण बसलंय आणि बाहेर कोण राहिलंय, हे विचारायची रीत त्यांनीच घालून दिली.

राजकारणाचंही तेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सगळ्या पक्षांनी श्रेय घेतलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला. त्याविरुद्ध लोक उठले, आणि २९ जूनला सरकारने आदेश मागे घेतले. ते योग्यच झालं. पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादणं चूक, हे वर्गात उभं राहिलेली कोणतीही बाई सांगेल. ५ जुलैला वरळीला दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, सगळ्या वाहिन्यांवर दिवसभर तेच. त्याच दिवसांत मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली, आणि माझ्या ओळखीतल्या काही सुसंस्कृत माणसांनी त्याचंही समर्थन केलं!

त्यांना मला एवढंच विचारायचं आहे. थप्पड मारून त्या माणसाला मराठीचं कुठलं अक्षर आलं? आमच्या बाईंच्या टेबलासमोर तो परप्रांतातला मुलगा अडखळत दोन पानं वाचतो, तेव्हा मराठीचा एक वाचक वाढतो. कुणी त्याचा फोटो काढत नाही. एवढ्या गदारोळात वाचनालयांना उपकर द्या, ग्रंथपालाला पगारश्रेणी द्या, अशी मागणी त्या दिवशी एका तरी व्यासपीठावरून पुढे यायला हवी होती. मी दिवसभर टीव्हीसमोर होते, माझ्या कानावर तरी आली नाही. आली असती तर मीसुद्धा टाळ्या वाजवल्या असत्या, मग पक्ष कोणता का असेना.

आणि आता आपल्याकडे वळते. सरकारला बोलून झालं की आपण मोकळे, असं नाही. मराठी वाचवा म्हणून मला निरोप पाठवणाऱ्या नातेवाइकांची आणि मित्रमंडळींची मी गेल्या महिन्यात फोनवरून चौकशी केली. कोणत्या वाचनालयाचे सभासद आहात? बहुतेकांचं उत्तर, "पूर्वी होतो." कारणं ठरलेली. वेळ नाही, जिने चढवत नाहीत, मोबाईलवर सगळं मिळतं, तिथे नवीन पुस्तकंच नसतात. शेवटचं कारण खरं आहे. पण सभासदच नाहीत तर वर्गणी नाही, वर्गणी नाही तर नवीन पुस्तकं कुठून येणार? एका नाटकाच्या तिकिटात वाचनालयाची कित्येक महिन्यांची वर्गणी निघते. आणि घर बदलताना रद्दीवाल्याने नाकारलेली, पानं सुटलेली पुस्तकं "वाचनालयाला देणगी" म्हणून टाकून येऊ नका. ती नोंदवायची, झटकायची आणि मग बाद करायची हे कामही त्याच बाईंना पडतं.

काय करायचं ते सांगते, उगाच हवेत नको. आपल्या घरापासून चालत जाण्याजोगं वाचनालय शोधा. अंधेरी असो, मुलुंड असो, बोरिवली असो, कुठेतरी एखादं धडपडत असतंच. वर्षाची वर्गणी एकदम भरा. मुलं-नातवंडं असतील तर त्यांच्याही नावाने भरा. महिन्यातून दोनदा जा, पुस्तक आणा, वेळेवर परत करा. महापालिकेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल, त्याला दारातच विचारा की ग्रंथालयाच्या उपकराबद्दल तुमचं काय म्हणणं. तो गोंधळेल. गोंधळू द्या. दहा घरांत गोंधळला की अकराव्या घरी उत्तर तयार करून येईल.

आणि तिथल्या ग्रंथपालाचं नाव विचारा. मी विचारलं तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत नाव विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या."