वाऱ्याची शीळ, डॅम्पिंगचा खर्च
1995पासून पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीज डब्ल्यू-124 आजही ऐटीत धावते. पण वेग वाढला की काचेपाशी वारा शीळ घालू लागतो. मालक लगेच तळाला महागड्या डॅम्पिंग शीट चिकटवतात. खर्च चुकीच्या जागी! शीट पत्र्याची थरथर रोखते, फट बुजवत नाही.

आधी दाराच्या कडेच्या रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लावावे. पट्टी सहज निसटली, तर चोर सापडला.

खात्रीसाठी त्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून एक फेरी मारावी. रबर कडक झाले असेल तर पुसून सिलिकॉन ग्रीस चोळावे, फाटले असेल तर बदलावे. दार सैल बसत असेल तर खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचे लॅच अडकते ती कडी, किंचित आत सरकवावा. पेट्रोलियम जेली मात्र नको. तिने रबर फुगते.