हुबळी-धारवाडची शिरगणती आणि म्हादईचे पाणी

म्हादईच्या वादात कर्नाटकाकडून सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे नाव एका जुळ्या शहराचे आहे. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवायचे ते हुबळी-धारवाडची तहान भागविण्यासाठी, ही त्या राज्याची गेल्या अनेक वर्षांची मांडणी. गोव्यातून तिचा प्रतिवाद होतो तो मांडवीतील खाऱ्या पाण्याच्या शिरकावाच्या, अभयारण्याच्या आणि खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास असलेल्या तात्त्विक विरोधाच्या आधारे. हे मुद्दे मोलाचेच आहेत. परंतु ज्या तहानेच्या नावावर पाणी मागितले जाते ती नेमकी किती माणसांची, आणि ती माणसे किती वेगाने वाढत आहेत, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत मागेच राहतो.

या प्रश्नाला आता निमित्त आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे हुबळी-धारवाडविषयी आज जे जे आकडे फेकले जातात ते सारे २०११ च्या मोजणीवर रचलेले अंदाज आहेत. सोळा वर्षांनंतर प्रथमच या शहरातील माणसे खरोखर मोजली जाणार आहेत, आणि त्या मोजणीकडे बंगळुरूइतकेच पणजीचेही लक्ष असायला हवे.

टक्के घटले, डोकी वाढली

मराठी वाचकाला धारवाड ठाऊक आहे ते मल्लिकार्जुन मन्सूरांचे आणि जी. ए. कुलकर्णींचे, हुबळी ठाऊक आहे ती गंगूबाई हनगलांची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. वीसएक किलोमीटर अंतरावरील या दोन स्वतंत्र नगरांची मिळून एक महानगरपालिका झाली ती १९६२ मध्ये. एक व्यापाराचे आणि रेल्वेचे गाव, दुसरे विद्येचे आणि कचेऱ्यांचे. प्रकृती भिन्न असली तरी जनगणनेच्या तक्त्यात ती तेव्हापासून एकाच ओळीत दिसतात.

त्या ओळीतील आकडे असे : १९७१ मध्ये ३.७९ लाख, १९८१ मध्ये ५.२७ लाख, १९९१ मध्ये ६.४८ लाख, २००१ मध्ये ७.८६ लाख आणि २०११ मध्ये ९.४४ लाख. त्याच वर्षी संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. एका महानगरपालिकेच्या हद्दीत गोव्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश माणसे राहत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शहराचे राजकीय वजन उमगते.

वाढीचा वेग मात्र वेगळी कथा सांगतो. १९७१ ते १९८१ या दशकात शहर ३९ टक्क्यांनी वाढले. पुढच्या दशकात २३, त्यानंतर २१ आणि २००१ ते २०११ या काळात २० टक्क्यांनी. प्रत्येक दशकात टक्केवारी खाली आली. त्याचबरोबर भर पडलेल्या माणसांची संख्या १९८० च्या दशकातील १.२१ लाखांवरून १.३८ लाखांवर आणि पुढे १.५८ लाखांवर गेली. एकाच तक्त्यातून कर्नाटकाला वाढती डोकी दाखविता येतात आणि गोव्याला उतरते टक्के. दोन्ही खरे आहेत; म्हणूनच निव्वळ एका आकड्यावर कुणालाही हा वाद जिंकता येणार नाही.

ही माणसे येतात कुठून?

शहराची वाढ दोन वाटांनी होते : घरात जन्मलेली मुले आणि बाहेरून आलेली माणसे. पहिली वाट अरुंद होत चालली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ इतका आहे. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी हा दर २.१ लागतो. गोव्यात तो १.३ पर्यंत उतरला आहे. तरुण पिढी संख्येने मोठी असल्यामुळे जन्मांची संख्या लगेच कोसळत नाही, पण जोर ओसरला आहे हे निश्चित.

दुसरी वाट स्थलांतराची, आणि हुबळी-धारवाडच्या बाबतीत तीच निर्णायक आहे. धारवाडमध्ये कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, २०१३ पासून उच्च न्यायालयाचे कायम खंडपीठ आणि २०१६ पासून आयआयटी आहे. हुबळीत २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय, जुने सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि उत्तर कर्नाटकातील घाऊक व्यापार आहे. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या जलद बससेवेच्या मार्गावर वसाहती भरत चालल्या आहेत. १९९७ मध्ये गदग आणि हावेरी हे जिल्हे वेगळे झाले तरी तेथील विद्यार्थी, रुग्ण, पक्षकार आणि व्यापारी यांची वाट हुबळी-धारवाडकडेच राहिली. नवलगुंद, कुंदगोळ, कलघटगी या तालुक्यांतील पावसाच्या भरवशावरची शेती दर अवर्षणात काही कुटुंबे शहराकडे ढकलते. २००१ मध्ये धारवाड जिल्ह्यातील सुमारे ४९ टक्के माणसे या महानगरपालिकेच्या हद्दीत होती. २०११ मध्ये ते प्रमाण ५१ टक्क्यांवर गेले. निम्म्याहून अधिक जिल्हा एका शहरात राहू लागला.

याच प्रदेशातून निघालेला दुसरा ओघ घाट उतरून गोव्यात येतो. वास्को, मडगाव, फोंडा येथील बांधकामांवर आणि बाजारांत काम करणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातील माणसांचा वाटा मोठा आहे. एका कोरड्या गावातून निघालेल्या दोन भावांपैकी एक हुबळीत नळाला रांग लावतो आणि दुसरा मांडवीच्या खोऱ्यातील पाणी पितो. तहानेचे दोन राज्यांतील वाटप आपण समजतो तितके सरळ नाही, ते यामुळेच.

३.९ टीएमसीचा हिशेब

म्हादई जललवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. केंद्राने तो २७ फेब्रुवारी २०२० रोजी अधिसूचित केला. त्यानुसार कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मिळाले. त्यातील ८.०२ टीएमसी जलविद्युतनिर्मितीसाठी असून मलप्रभेत वळविण्यासाठी कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८, असे एकूण ३.९ टीएमसी आहे. कर्नाटकाची या दोन नाल्यांबाबतची मूळ मागणी ७.५६ टीएमसीची होती. केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये सुधारित प्रकल्प अहवालांना मान्यता दिली आणि गोव्यात खळबळ उडाली, ती याच ३.९ टीएमसीवरून.

हे पाणी किती माणसांचे? शहरी पाणीपुरवठ्यासाठी सामान्यतः माणशी दररोज १३५ लिटर हा निकष धरला जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या मापाने २०११ च्या ९.४४ लाख लोकांची वर्षाची गरज १.६४ टीएमसी येते. वाढीचा वेग दशकाला १५ ते २० टक्के राहिला असे मानले तर २०२७ मध्ये शहरात ११.८ ते १२.६ लाख माणसे असतील आणि त्यांना दोन ते सव्वादोन टीएमसी पाणी लागेल.

पाण्याचे प्रकल्प पुढच्या तीस वर्षांसाठी आखले जातात, त्यामुळे २०५१ पाहणेही न्याय्य ठरेल. दशकाला २० टक्के वाढ अखंड चालू राहिली तर तोवर लोकसंख्या १९.६ लाख होईल, आणि वितरणातील १५ टक्के गळती जमेस धरून गरज ३.९ टीएमसी येईल. वाढ १५ टक्क्यांवर आली तर ३.३ आणि १० टक्क्यांवर आली तर सुमारे २.८ टीएमसी पुरेल. हा लवादाचा हिशेब नव्हे; जनगणनेच्या आकड्यांवर केलेली ही साधी आकडेमोड आहे. महानगरांसाठी असलेला १५० लिटरांचा निकष लावला तर यातील प्रत्येक आकडा एक-नवमांशाने वाढेल, आणि वाटेवरील वस्त्यांची गरज वेगळी मोजावी लागेल, हेही मान्य करायला हवे.

तरीही या आकडेमोडीतून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, वाढीच्या वेगाबद्दलचे गृहीतक बदलताच एक टीएमसीहून अधिक पाण्याचा फरक पडतो. कळशातून वळवायच्या पाण्याच्या निम्म्याहून तो मोठा आहे. दुसरी, ३.९ हा आकडा शहराच्या गरजेशी जुळतो तो मलप्रभेतून आज मिळणारे पाणी शून्य धरल्यावर. प्रत्यक्षात शहर आजही सौंदत्तीजवळच्या रेणुकासागर जलाशयातून पाणी घेते, आणि नीरसागर तलावाची त्याला जोड आहे.

टंचाई पाण्याची की वाटपाची?

हुबळी-धारवाडमध्ये पाण्याचे हाल आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक वस्त्यांत वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने नळ येत आला आहे. नीरसागर तलाव अवर्षणात आटतो. पिंप साठवून दिवस काढणाऱ्या घराला लवादाचे परिच्छेद समजावून सांगता येत नाहीत, आणि गोव्यातून त्या तहानेची थट्टा होणे अशोभनीय आहे.

पण याच शहराने देशाला आणखी एक धडा दिला आहे. २००८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने येथील आठ वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले. वाहिन्या नव्या घातल्या, मीटर बसविले, गळती रोखली आणि त्या वॉर्डांतील नळ दिवसरात्र वाहू लागले. त्या वॉर्डांसाठी नवी नदी आणावी लागली नव्हती. शेजारच्या वॉर्डांत मात्र तेच पाणी काही दिवसांआड येत राहिले. शहराला किती पाणी मिळते याइतकेच ते कसे वाटले जाते हेही महत्त्वाचे असते, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधून सापडणार नाही.

मलप्रभा धरणाची क्षमता सुमारे ३७.७ टीएमसी आहे. २०११ ची शहराची संपूर्ण घरगुती गरज तिच्या पाच टक्क्यांहूनही कमी भरते. धरण पुरेसे भरत नाही, ही कर्नाटकाची तक्रार खरी आहे. तथापि त्याचा मोठा वापर सिंचनाचा आहे, आणि कळसा-भांडुऱ्यासाठीचे आंदोलन २०१५ पासून धगधगत राहिले ते नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांत. १९८० मध्ये मलप्रभा लाभक्षेत्रातील करांविरुद्ध पेटलेला शेतकरी लढाही याच भूमीतला. शेतकऱ्याला पाणी हवे असणे गैर नाही. परंतु मागणी शेतीची आणि नाव पिण्याच्या पाण्याचे, असे झाले की शहराची लोकसंख्या हा केवळ युक्तिवाद उरतो.

विभाजनानंतरची मोजणी

या साऱ्यात एक नवी गुंतागुंत आली आहे. कर्नाटक मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये धारवाडसाठी स्वतंत्र महानगरपालिकेचा निर्णय घेतला. एकत्रित पालिकेच्या ८२ वॉर्डांपैकी २६ धारवाडकडे आणि ५६ हुबळीकडे, अशी ती वाटणी आहे. धारवाडकरांची ही जुनी मागणी होती. निधी आणि लक्ष हुबळीच ओढून घेते, अशी त्यांची भावना.

विभाजनाचा परिणाम आकड्यांच्या वाचनावरही होईल. २०११ मध्ये हे जुळे शहर दहा लाखांच्या उंबरठ्यावर थांबले होते. हा उंबरठा महत्त्वाचा आहे. राज्यघटनेनुसार महानगर क्षेत्राची व्याख्या तेथून सुरू होते आणि पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांच्या अनुदानाचा विचारही स्वतंत्रपणे केला. एकत्र मोजली तर ही शहरे तो उंबरठा सहज ओलांडतील, वेगळी मोजली तर धारवाड त्याच्या बरेच अलीकडे राहील. उद्या कुणी केवळ हुबळीचा आकडा दाखवून शहर वाढलेच नाही असे म्हणेल, कुणी नव्याने जोडलेल्या गावांसह आकडा दाखवून स्फोट झाला असे म्हणेल. तुलना करायची तर १९७१ पासूनच्या त्याच हद्दीतील माणसांची करावी लागेल.

गोव्यासमोरचे काम

निवाड्याच्या फेरविचाराची मुभा २०४८ नंतरची आहे. तोवर बांधलेले कालवे आणि वळलेले प्रवाह मागे फिरविणे जवळजवळ अशक्य असेल. सर्वोच्च न्यायालयातील लढाई आणि वन्यजीव कायद्याखालील हरकती चालू राहतीलच. त्यांच्या जोडीला २०२७ च्या जनगणनेचे शहरनिहाय आकडे हाती येताच पाण्याच्या मागणीचा हिशेब नव्याने मांडण्याचा आग्रह गोव्याने धरायला हवा : किती माणसे, माणशी किती लिटर, गळती किती, आणि मलप्रभेतील किती पाणी आधी पिण्यासाठी राखून ठेवणार?

हाच हिशेब गोव्यालाही द्यावा लागेल. ओपा जलप्रकल्पावर अवलंबून असलेल्या आपल्या गावांना आणि शहरांना किती पाणी लागते, त्यातील किती वाया जाते, पर्यटकांची गरज कशी मोजायची, याची उत्तरे तयार नसतील तर शेजाऱ्याला प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार उणा पडतो.

हुबळी-धारवाड वाढले आहे आणि आणखी वाढेल. ते किती वाढले हे घोषणांवरून ठरू नये, शिरगणतीवरून ठरावे. नवा आकडा गोव्याच्या सोयीचा निघाला नाही तरी तो स्वीकारण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि कर्नाटकाकडूनही तीच अपेक्षा ठामपणे करावी लागेल. नदी एकदा वळली की मागाहून आलेल्या अचूक आकड्याचा तिला उपयोग नसतो.